करावे, केलेच पाहिजे, करता येईल : ओपन सोर्सच्या नियमपुस्तकांचं वाचन

आपण साहित्याचे विद्यार्थी कविता वाचतो, कथा वाचतो, फार तर नाटकाची संहिता वाचतो. नियमपुस्तक मात्र कुणी 'वाचत' नाही. भांडण झालं की त्यातलं एखादं कलम शोधतात, बस. पण नियमपुस्तक ही सुद्धा एक संहिताच आहे. ती कुणीतरी कुणासाठी तरी लिहिलेली असते, तिच्यात शब्दांची निवड असते, आणि काय लिहायचं नाही हेही ठरवलेलं असतं.

हा विषय मी आत्ता घेण्याचं कारण उघड आहे. आपल्या मंडळाची लेखी घटना असावी की नसावी, हा प्रश्न वार्षिक सभेपुढे येणार आहे. काहीजण म्हणतात, "इतकी वर्षं समजुतीनं चाललंय, उगाच कलमं कशाला?" बाकीचे म्हणतात, "समजुतीनं म्हणजे कुणाच्या समजुतीनं?" दोन्ही बाजूंचं म्हणणं खोटं नाही. म्हणून मला वाटलं, ज्यांना हा प्रश्न आपल्यापेक्षा फार मोठ्या प्रमाणावर सोडवावा लागला, त्यांनी काय लिहिलंय ते बघूया. ते लोक म्हणजे ओपन सोर्स सॉफ्टवेअर बनवणारे समुदाय. यात मुख्यतः दोन उदाहरणं घेतली आहेत, पायथन आणि डेबियन. संगणकाचं ज्ञान नसलं तरी चालेल. इथे मुद्दा माणसांचा आहे.

१. जिथे दार कायम उघडं असतं

ओपन सोर्स म्हणजे असं सॉफ्टवेअर की ज्याचा कोड कुणालाही वाचता येतो, बदलता येतो आणि बदललेली प्रत पुढे वाटता येते. हे परवान्यातच लिहिलेलं असतं. यातून एक विलक्षण गोष्ट घडते. समुदायाशी पटलं नाही तर तुम्ही सगळा कोड उचलून दुसरीकडे नवा संसार थाटू शकता. याला 'फोर्क' म्हणतात, म्हणजे रस्त्याला फुटलेला फाटा. २०१० मध्ये ओपनऑफिसमधून लिब्रेऑफिस असंच वेगळं झालं. ओरॅकल कंपनीने सन ही कंपनी विकत घेतल्यावर, तिच्याकडे असलेल्या या प्रकल्पाचं पुढे काय होणार अशी शंका आली, तेव्हा बऱ्याच लोकांनी 'द डॉक्युमेंट फाउंडेशन' स्थापन केलं आणि वेगळी चूल मांडली.

म्हणजे इथे कुणावर सक्ती करता येत नाही. बरेचजण स्वयंसेवक असतात, वेगवेगळ्या देशांत राहतात, कित्येकांनी एकमेकांना पाहिलेलंही नसतं. मग नियमांची गरजच काय, असं वाटेल. पण कोडची नक्कल करता आली तरी प्रकल्पाचं नाव, त्याची विश्वासार्हता, आणि 'हा बदल घ्यायचा की नाही' हे ठरवण्याचा अधिकार यांची नक्कल करता येत नाही. सत्ता तिथे असते. आणि सत्ता आली की ती कुणाकडे, किती दिवस आणि कुणाला विचारून, हे प्रश्न आलेच.

२. पायथन : एका माणसाच्या विवेकावर

पायथन ही आज शाळाकॉलेजांतही शिकवली जाणारी प्रोग्रामिंगची भाषा. गिडो व्हान रॉसम या डच प्रोग्रामरने ती १९९१ मध्ये पहिल्यांदा लोकांसमोर आणली. १९९५ मध्ये त्यांना एक गमतीची पदवी मिळाली : बेनेव्हलंट डिक्टेटर फॉर लाइफ. मराठीत 'तहहयात प्रेमळ हुकूमशहा' म्हणा. गंमत असली तरी ती खरी व्यवस्था होती. भाषेत काही बदल सुचवायचा तर 'पेप' नावाचा लेखी प्रस्ताव लिहायचा, त्यावर चर्चा व्हायची, आणि शेवटचा शब्द गिडो यांचा.

या पद्धतीचे फायदे मोठे होते. निर्णय अडकून राहत नव्हते. भाषेला एक चव राहिली, कारण एकच माणूस सगळ्याची चव घेऊन बघत होता. साहित्यातलंच उदाहरण द्यायचं तर एका संपादकाचं मासिक आणि समितीने काढलेलं मासिक यांतला फरक आपल्याला माहीत आहे.

मग पेप ५७२ आला. बदल छोटा होता. अपूर्णविराम आणि बरोबरचं चिन्ह जोडून एक नवं चिन्ह वापरायचं. ते आडवं धरलं तर वॉलरस या सुळेवाल्या समुद्री प्राण्याच्या तोंडासारखं दिसतं, म्हणून लोक त्याला वॉलरस ऑपरेटर म्हणतात. या चिन्हामुळे भाषेचा साधेपणा जातो, असं अनेकांचं मत होतं. वाद खूप चिघळला. गिडो यांनी प्रस्ताव स्वीकारला, आणि १२ जुलै २०१८ रोजी हुकूमशहाचं पद सोडून दिलं. एका प्रस्तावासाठी इतकं भांडायचं आणि शेवटी इतक्या लोकांनी आपल्या निर्णयाचा तिरस्कार करायचा, हे आता नको, असा त्यांच्या पत्राचा सूर होता. त्यांनी वारस नेमला नाही. पुढे लोकशाही आणा, अराजक आणा की आणखी काही, ते तुमचं तुम्ही ठरवा, असं त्यांनी सहकाऱ्यांना सांगितलं.

इथे थांबून बघण्यासारखं आहे. पायथनची व्यवस्था लवचीक होती असं आपण म्हणतो; पण सगळा ताण एकाच फांदीने सोसायचा, याला झाडाची लवचिकता म्हणता येणार नाही. गिडो यांच्या जागी नियम असता तर लोक नियमावर चिडले असते. नियम नव्हता म्हणून ते माणसावर चिडले. लेखी नियमाचा हा एक उपयोग फारसा बोलला जात नाही : नियम हा निर्णय घेणाऱ्या माणसाचंही रक्षण करतो.

त्यानंतरचे महिने 'कसं ठरवायचं हे कसं ठरवायचं' यात गेले. मतदानाची पद्धत ठरवावी लागली. वेगवेगळ्या राज्यपद्धतींचे सात प्रस्ताव आले. एकात पुन्हा एकच तांत्रिक नेता होता, दुसऱ्यात तिघांचं मंडळ होतं, आणखी एकात केंद्रीय सत्ताच नव्हती. डिसेंबर २०१८ मध्ये मतदान होऊन पेप ८०१६ निवडला गेला, म्हणजे पाच जणांची सुकाणू समिती. २०१९ च्या सुरुवातीला पहिली समिती निवडून आली, आणि तिच्यात एक सभासद म्हणून गिडोही होते. हुकूमशहा पाचांतला एक झाला.

पेप ८०१६ लिहिणाऱ्यांनी आपली भूमिका सांगितली आहे आणि ती मला फार आवडली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : आपण राज्यशास्त्राचे तज्ज्ञ नाही, तेव्हा नवे प्रयोग नकोत, कंटाळवाणी पण इतरांनी वापरून पाहिलेली पद्धत घ्यावी. आणि एकत्र काम करण्याची चांगली रीत सापडायला वेळ लागतो, म्हणून दस्तऐवज शक्य तितका लहान ठेवावा, म्हणजे पुढे बदलायला जागा राहील.

या प्रस्तावावरून पायथनची आजची घटना तयार झाली. तिला पेप १३ म्हणतात. ती वाचताना मी दोन रकाने आखले : काय पक्कं, काय सैल.

पक्कं काय? समितीत पाच जण. पायथनची प्रत्येक मुख्य आवृत्ती आली की नवी निवडणूक. एकाच कंपनीत नोकरी करणारे दोनपेक्षा जास्त सभासद चालणार नाहीत. दोन तृतीयांश मतांनी एका सभासदाला किंवा अख्ख्या समितीला काढता येतं. ही घटना बदलायलाही मुख्य डेव्हलपरांची दोन तृतीयांश मतं लागतात. समिती स्वतःच्या मर्जीने ती बदलू शकत नाही.

सैल काय? जवळजवळ बाकी सगळं. समितीला अधिकार भरपूर दिलेत, पण ते होईल तितके कमी वापरावेत असं तिथेच लिहिलंय. मतदानापेक्षा एकमत शोधावं. प्रत्येक प्रस्तावावर स्वतः निकाल देण्यापेक्षा निकाल देण्याची पद्धत घालून द्यावी.

म्हणजे अधिकार कुणाला, किती काळ आणि कसा काढून घ्यायचा हे सगळं आकड्यांत आहे. काम कसं करायचं, हे मात्र माणसांवर सोडलंय.

३. डेबियन : वर्गमूळ असलेली घटना

डेबियन ही लिनक्सवर चालणारी एक संपूर्ण कार्यप्रणाली. इयन मरडॉक यांनी १९९३ मध्ये ती सुरू केली. डेब्रा आणि इयन, म्हणजे त्यांची तेव्हाची मैत्रीण आणि ते स्वतः, या दोन नावांतून डेबियन हे नाव झालं. इतकं घरगुती नाव, पण या प्रकल्पाने लवकरच लेखी वळण घेतलं. १९९७ मध्ये 'सामाजिक करार' आला आणि १९९८ च्या डिसेंबरमध्ये घटना.

ही घटना पेप १३ च्या अगदी उलट आहे, मोठी आणि काटेकोर. ठरावाला किती अनुमोदक लागतात, गणपूर्ती किती, कुठल्या गोष्टीला साधं बहुमत आणि कुठल्या गोष्टीला तीनास एक, सगळं तिथे आहे. गणपूर्तीचं तर सूत्र आहे : एकूण डेव्हलपरांच्या संख्येचं वर्गमूळ काढा, त्याची निम्मी करा, ती तिनाने गुणा. समजा शंभर डेव्हलपर आहेत. वर्गमूळ १०, निम्मे ५, तिप्पट १५. चारशे झाले तर वर्गमूळ २०, निम्मे १०, तिप्पट ३०. माणसं चौपट झाली पण गणपूर्ती दुप्पटच. स्वयंसेवकांची संघटना वाढते तेव्हा मतदानाला येणारे त्याच प्रमाणात वाढत नाहीत, हा अनुभव त्या वर्गमूळात लपलेला आहे. आपल्या सभेला गणपूर्तीअभावी अर्धा तास थांबून मग 'त्याच ठिकाणी' सभा घेण्याची जी रीत आहे, तिच्यापेक्षा हे प्रामाणिक वाटतं.

मतदानाची पद्धतही वेगळी आहे. एकाच पर्यायापुढे खूण करायची नसते, पर्यायांना पसंतीक्रम द्यायचा असतो. मग प्रत्येक जोडीची तुलना होते : 'अ' ला 'ब' पेक्षा वर ठेवणारे किती, 'ब' ला 'क' पेक्षा वर ठेवणारे किती. या पद्धतीला अठराव्या शतकातल्या काँदोर्से या फ्रेंच विचारवंताचं नाव आहे. पण आपल्यासाठी मौजेची गोष्ट अशी की, जोड्या लावून निवड करण्याची कल्पना त्याच्याही सुमारे पाचशे वर्षं आधी रामोन लुल या कॅटलान ख्रिस्ती लेखकाने मांडली होती, आणि तीही एका कादंबरीत! तेराव्या शतकातल्या त्याच्या 'ब्लांकेर्ना'मध्ये मठातल्या सिस्टर्स आपली मठप्रमुख याच धर्तीवर निवडतात.

या घटनेची खरी परीक्षा २०१४ मध्ये झाली. संगणक सुरू होताना सर्वांत आधी जो प्रोग्राम चालतो आणि बाकीच्यांना उठवतो, त्यासाठी कुठला प्रोग्राम घ्यायचा हा वाद होता. सिस्टमडी नावाच्या नव्या प्रोग्रामच्या बाजूने आणि विरुद्ध लोक हिरिरीने उभे राहिले. घटनेप्रमाणे प्रश्न तांत्रिक समितीकडे गेला. समितीत आठ जण. मतं पडली चार-चार. फेब्रुवारी २०१४ मध्ये अध्यक्षांनी निर्णायक मत सिस्टमडीला दिलं.

सगळं कलमाप्रमाणे झालं होतं. तरी वाद संपला नाही. त्याच वर्षी प्रश्न पुन्हा सर्वसाधारण ठरावाच्या रूपाने आला, आणि नोव्हेंबरमध्ये मतदान होऊन जो पर्याय जिंकला तो होता : या विषयावर सर्वसाधारण ठरावाची गरज नाही. महिनोन्‌महिने वाद, मग सगळ्या प्रकल्पाचं मतदान, आणि निकाल काय, तर मतदान नको होतं! तोवर तांत्रिक समितीच्या काही सभासदांनी राजीनामे दिले होते. अठरा वर्षं काम केलेला एक डेव्हलपर प्रकल्प सोडून गेला, आणि जाताना ही घटनाच प्रकल्पाला वाईट दिशेने नेते आहे असं लिहून गेला. नाराज झालेल्या आणखी काहींनी डेव्हुआन नावाचा फोर्क जाहीर केला.

यातून मी काय घेतलं? पक्के नियम निर्णय देऊ शकतात, समाधान देऊ शकत नाहीत. शिवाय नियम खूप तपशिलात असले की लोक प्रश्नाविषयी बोलायचं सोडून कलमांचा कीस काढायला लागतात. 'हे बरोबर आहे का' याऐवजी 'हे समितीच्या अधिकारात बसतं का' यावर रात्री जातात.

पण गोष्ट इथे संपत नाही. त्याच डिसेंबरमध्ये डेबियनने मतदान करून तांत्रिक समितीच्या सभासदांना मुदतीची मर्यादा घातली. २०२२ मध्ये ठरावांवरचं मतदान गुप्त केलं. त्याआधी कुणी कुठे मत दिलं हे जाहीर होत असे. त्याच वर्षी सामाजिक करारही बदलला. काही वाय-फाय वगैरे यंत्रभागांना चालायला बंदिस्त फर्मवेअर लागतं. ते मुक्त नाही म्हणून डेबियन आपल्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये देत नसे. तत्त्व शुद्ध, पण नव्या माणसाचा लॅपटॉप इंटरनेटलाच लागत नसे. मूळ दस्तऐवज बदलायला तीनास एक बहुमत लागतं, तेवढं मिळालं, आणि जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ मध्ये ते फर्मवेअर इन्स्टॉलरबरोबर मिळू लागलं. म्हणजे ज्या घटनेला आपण ताठ म्हणतो, तिच्याच दारातून बदल आत आला. फक्त दार जड होतं, आणि ते मुद्दाम जड केलेलं होतं.

डेबियनच्या घटनेतलं आणखी एक कलम सांगितलं पाहिजे, कारण ते अगदी सुरुवातीला येतं. ही घटना कुणावरही काम करण्याची सक्ती करत नाही. ज्याला सोपवलेलं काम करायचं नसेल त्याने करू नये. मात्र नियमाप्रमाणे झालेल्या निर्णयांच्या आड त्याने येऊ नये. इतक्या काटेकोर घटनेचा पायाच स्वातंत्र्याचा आहे!

४. लवचिकतेची किंमत कोण देतं?

"आपण सगळे मित्रच आहोत, नियम कशाला?" हे वाक्य ऐकायला गोड वाटतं. अमेरिकेतल्या स्त्रीमुक्ती चळवळीत काम करणाऱ्या जो फ्रीमन यांनी १९७० च्या सुमारास याचीच चिकित्सा केली. त्यांच्या निबंधाचं नावच 'रचनाहीनतेची जुलूमशाही' अशा अर्थाचं आहे. त्यांचा मुद्दा सरळ आहे. बिनरचनेचा गट असा काही नसतोच. रचना लिहिली नाही तर ती मैत्रीच्या रूपाने असते, आणि मग ज्यांची आत मैत्री आहे त्यांनाच नियम माहीत असतात. बाहेरच्याला वाटतं की आपलंच काहीतरी चुकतंय.

हे आपल्याकडे लावून बघा. एफवायची मुलगी मंडळात येते. तिला कविता द्यायची आहे. कुणाकडे द्यायची, निवड कोण करतं, नाकारली तर विचारायचं कुणाला, यातलं काहीही कुठे लिहिलेलं नाही. तिसऱ्या वर्षाच्या मुलांना हे सगळं माहीत असतं, त्यामुळे त्यांना व्यवस्था 'मोकळी' वाटते. त्या मुलीला तीच व्यवस्था बंद दार वाटते. ती भांडत नाही. ती परत येत नाही, इतकंच. आणि मग आपण म्हणतो की नव्या मुलांना मराठीत रस नाही.

दुसरी बाजूही सांगायला हवी. लेखी नियमांचीही किंमत असते, आणि ती सुद्धा बहुतेक वेळा नव्यालाच द्यावी लागते. डेबियनची घटना कायद्याच्या इंग्रजीत आहे. ज्याच्याकडे वेळ आहे आणि ज्याची ती भाषा चांगली आहे तो तिथे वरचढ ठरतो. मराठी माध्यमातून आलेला मुलगा कोड उत्तम लिहील, पण ठरावाला उपसूचना मांडायला कचरेल. म्हणून नियम लिहिणं पुरेसं नाही. ज्यांच्यावर ते लागू होणार त्यांना एका बैठकीत वाचून कळतील इतके ते थोडे आणि सोपे असले पाहिजेत.

५. आता शब्दांकडे

आता जरा आपल्या विषयाकडे. इंटरनेटची तांत्रिक मानकं लिहिणाऱ्यांनी मार्च १९९७ मध्ये एक छोटा दस्तऐवज काढला, आरएफसी २११९. त्यात काही इंग्रजी क्रियापदांचे अर्थच ठरवून टाकले. 'मस्ट' म्हणजे अपवाद नाही. 'शुड' म्हणजे विशिष्ट परिस्थितीत बाजूला ठेवायला योग्य कारण असू शकतं, पण परिणामांचा पूर्ण विचार करूनच. 'मे' म्हणजे खरोखर ऐच्छिक. आणि असे शब्द जपून, गरज असेल तिथेच वापरा, असंही त्यात बजावलंय.

मराठीत आपली पंचाईत होते, कारण आपल्याकडे विध्यर्थ आहे. 'सभासदांनी वेळेवर यावे.' हा नियम आहे, विनंती आहे, की इच्छा? व्याकरणात आपण शिकलोच आहोत की विध्यर्थातून कर्तव्य, इच्छा, शक्यता, योग्यता असे कितीतरी अर्थ निघतात. 'देवाने भले करावे' आणि 'अर्ज दोन प्रतींत करावा' यांत क्रियापदाचं रूप एकच. कवितेत ही संदिग्धता म्हणजे श्रीमंती आहे, पण घटनेत तिच्यावरूनच भांडण होतं. ज्याला पाळायचं नाही तो म्हणणार, "करावे म्हटलंय, केलेच पाहिजे कुठे म्हटलंय?" म्हणून मराठीत नियम लिहिताना तीन रूपं वेगळी ठेवावीत : जिथे अपवाद नाही तिथे 'केलेच पाहिजे', जिथे कारण देऊन सोडता येईल तिथे 'करावे', आणि जिथे मर्जी आहे तिथे 'करता येईल'.

हे तीन थर नीट लावलेले आहेत असा एक फार जुना मजकूर आपल्या परंपरेत आहे : सहाव्या शतकातला संत बेनेडिक्ट यांचा मठवासियांसाठीचा नियम. त्याची ७३ प्रकरणं आहेत. त्यात कुठल्या दिवशी कुठली स्तोत्रं म्हणायची याची तपशीलवार वाटणी दिली आहे. आणि ती दिल्यावर ते म्हणतात की कुणाला ही मांडणी पसंत नसेल तर त्याने दुसरी करावी, मात्र आठवड्यात १५० स्तोत्रं पूर्ण झालीच पाहिजेत. हेतू पक्का, मांडणी मोकळी. द्राक्षारसाचं माप ठरवतानाही ते बिचकत ठरवतात. जागा, काम आणि उन्हाळा बघून प्रमुखाने ते वाढवावं अशी सोय ठेवतात. पण महत्त्वाच्या प्रश्नावर प्रमुखाने सगळ्यांना बोलावून विचारावं, हे मात्र सांगितलेलंच आहे. आणि सगळ्यांना म्हणजे धाकट्यांनाही, कारण देव पुष्कळदा धाकट्यालाच चांगलं काय ते दाखवतो, असं कारणही दिलंय. शेवटचा निर्णय प्रमुखाचाच. तरीही ऐकून घेणं त्याच्या मर्जीवर सोडलेलं नाही.

६. मला काय वाटतं

'नियम की लवचिकता' हा प्रश्नच थोडा चुकीचा मांडला जातो. विचारायला हवं ते हे : कुठे नियम आणि कुठे लवचिकता? पायथन, डेबियन आणि बेनेडिक्ट, तिघांचं वाचन करून माझं मत असं झालंय की सत्तेविषयीचे नियम पक्के असावेत आणि कामाविषयीचे सैल. आपण बहुतेक वेळा नेमकं उलट करतो. लेख किती शब्दांचा, टंक कुठला, परिचय किती ओळींचा, हे ठणकावून सांगतो. संपादक कसा निवडायचा आणि त्याची मुदत किती, यावर मात्र "बघू, सर सांगतील ते" असं म्हणतो. सरांवर माझा विश्वास आहे. पण गिडो यांच्यावरही सगळ्यांचा होता. विश्वासू माणसावर सगळं टाकणं हे शेवटी त्या माणसालाच जड जातं.

तेव्हा सभेपुढे माझी सूचना अशी : घटना असावी, पण एका पानाची. तिच्यात पाच गोष्टी असाव्यात. सभासद कोण, पदाधिकारी कसे निवडायचे आणि किती काळासाठी, साहित्याची निवड कोण करतं आणि नाकारलं तर कारण कोण सांगतं, पदाधिकाऱ्याला कसं काढायचं, आणि हे पान कसं बदलायचं. यात 'केलेच पाहिजे' चालेल. बाकी कार्यक्रम, विषय, अंकाची मांडणी, बोलीभाषेत लिहायचं की प्रमाण, हे दरवर्षीच्या मुलांवर सोडावं. तिथे 'करता येईल' पुरे. आणि दर दोन वर्षांनी हे पान सभेत मोठ्याने वाचावं, कारण जे नियम कुणी वाचत नाही ते असूनही नसल्यासारखेच.

चर्चेसाठी प्रश्न

१. गिडो व्हान रॉसम यांनी वारस नेमून पद सोडलं असतं तर पायथनच्या समुदायाचं भलं झालं असतं की नुकसान? कारणं द्या.

२. डेबियनमध्ये २०१४ साली जे झालं त्याचा दोष घटनेचा, की घटना वापरणाऱ्यांचा?

३. आधी ठरावांवर कुणी कुठे मत दिलं हे जाहीर व्हायचं. आता ते गुप्त आहे. आपल्या मंडळात हात वर करून मतदान असावं की चिठ्ठीने? एफवायच्या विद्यार्थ्याच्या जागी उभं राहून उत्तर द्या.

४. कुठल्याही संस्थेची मराठी नियमावली घ्या. तिच्यातले 'करावे' मोजा आणि प्रत्येकापुढे लिहा : 'केलेच पाहिजे', 'करावे' की 'करता येईल'? कुठे ठरवता येत नाही, त्या ओळी सभेला घेऊन या.